बिराजदार सर आणि म्हाताऱ्या पेशी

बिराजदार सर मला आयुष्यात पहिलं वाक्य बोलले ते "डोळा मिटू नका" हे. एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. सोलापुरातल्या त्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून माझा पहिलाच दिवस होता आणि मी टेबलावरची धूळ झटकत होते. तेवढ्यात पांढरा बुशशर्ट घातलेला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला एक उंच माणूस आत आला. त्याने खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली आणि नाव-गाव काही न विचारता माझ्या डाव्या डोळ्यावर धरली.

"मिटू नका, मिटू नका. नोड्री! काय स्वच्छ आहे! अठ्ठावीस?"

"काय अठ्ठावीस?"

"वय हो तुमचं."

"एकोणतीस," मी म्हटलं. रागावायचं होतं, पण तेवढी सवड त्यांनी दिलीच नाही.

"एका वर्षानं चुकलो की!" असं म्हणून ते अतिशय खूश होऊन निघून गेले. मी दारातल्या शिपायाला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, "ते व्हय? झूलॉजीचे बिराजदार सर. समद्यांचे डोळे बघत्यात. घाबरू नका बाई, चावत न्हाईत."

नोड्री म्हणजे कानडीत 'बघा'. सर अक्कलकोटकडचे. घरात कानडी, वर्गात मराठी, आणि आनंद झाला की दोन्हींची सरमिसळ. आनंद त्यांना दिवसातून सात-आठ वेळा तरी व्हायचा. तेव्हा ते चालत नसत, निघत. एकदा व्हरांड्यातून असे निघाले की पायातली एक चप्पल प्रयोगशाळेच्या दारात राहिली आणि दुसरी माझ्या दारात. मधल्या अंतरात ते कशावर चालत होते हे त्यांनाही सांगता आलं नाही.

सगळा स्टाफ त्यांच्या बॅटरीला भ्यायचा. ते समोरून दिसले की लोक चष्मे पुसायला लागत, खाली वाकून चपलेचा अंगठा बघत. एकदा भर मीटिंगमध्ये प्राचार्य शिस्तीवर बोलत होते. सर त्यांच्याकडे इतकं टक लावून बघत होते की प्राचार्यांना वाटलं, हा एकटा तरी मन लावून ऐकतोय. भाषण संपलं आणि सर म्हणाले, "सर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात झालीय. पण छान आहे. कडेकडेनं, चाकाचे आरे असतात ना, तशी." प्राचार्य दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःहून प्रयोगशाळेत गेले आणि दार लावून घेतलं.

हे वेड त्यांना एका टपालाने लागलं होतं. त्यांचा एक वर्गमित्र बंगलोरला एका संशोधन संस्थेत होता. संस्थेला नको झालेली परदेशी नियतकालिकं तो गठ्ठा बांधून आमच्या लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवायचा. गठ्ठा आला की सुतळी सोडायचा मान सरांचा. कात्री त्यांना चालत नसे, गाठ दातांनी सोडत. अशाच एका जुन्या अंकात त्यांना कधीतरी वाचायला मिळालं होतं की माणसाच्या शरीरातली पेशी काचेच्या बशीत वाढवली तर ती अखंड वाढत राहत नाही. पन्नासेक वेळा दुभंगते आणि मग थांबते. खायला घाला, ऊब द्या, ती ढिम्म हलत नाही.

"म्हणजे बाई, म्हातारपण केसात नाही, गुडघ्यात नाही," सर माझ्या टेबलावर मूठ आपटत म्हणाले, "ते पेशीत आहे! प्रत्येक पेशीला आपलं वय ठाऊक आहे. आता प्रश्न असा, की ते आपल्याला उघड्या डोळ्यांनी बघायला कुठं मिळेल?"

मी रजिस्टरमधून मान वर न काढता विचारलं, "कुठं?"

"डोळ्यातच की!"

मग त्यांनी मला भिंग समजावून सांगितलं, आणि ते मी आजतागायत विसरलेले नाही. कातडीच्या पेशी झडतात, नव्या येतात. रक्ताच्याही बदलतात. पण डोळ्यातल्या भिंगातली पेशी झडून जाणार कुठे? ते सगळ्या बाजूंनी बंद. नवी पेशी बाहेरून येऊन बसते, जुनी आत ढकलली जाते. अगदी मध्यावर असतात त्या आईच्या पोटात असताना तयार झालेल्या पेशी. आजोबा सत्तरचे असतील तर भिंगाचा गाभाही सत्तरचाच. "तुमच्या लायब्ररीसारखं," ते म्हणाले. "नवी पुस्तकं पुढं लावता, जुनी मागं सारता, रद्दीत एकही घालत नाही. मग एक दिवस मागचं कपाट पिवळं पडतं. त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो."

आमच्या लायब्ररीवरचा टोमणा मी गिळला, कारण उपमा बरोबर होती.

पेशी थांबते म्हणजे मरते असंही नाही, हे त्यांचं आणखी एक म्हणणं. ती बसून राहते. "आपल्या स्टाफरूममध्ये नाही का, रिटायर झाल्यावरही रोज येऊन खुर्ची अडवतात, काम काही करत नाहीत, वर शेजारच्याला बोलून बोलून बिघडवतात? तसं असणार. सिद्ध करता येत नाही मला. पण असणार." हल्ली वर्तमानपत्रात अगदी असंच काहीतरी वाचायला मिळतं, की म्हाताऱ्या पेशी मरत नाहीत, आसपासच्यांना त्रास देत राहतात, आणि डोळ्यांच्या म्हातारपणीच्या रोगांशी त्याचा संबंध शोधत आहेत. मी ते कात्रण कापून ठेवते. दाखवायला सर नाहीत, हा भाग वेगळा.

भिंगं बघायची तर भिंगं हवीत. सरांनी बकऱ्याच्या डोळ्यांपासून सुरुवात केली. आता बिराजदार सर पक्के लिंगायत. घरात कांदा-लसूण चाले, पण अंड्याचं नाव निघत नसे. गळ्यात लिंग, रोज पूजा झाल्याशिवाय चहा नाही. हा माणूस दर रविवारी सकाळी चार कप्प्यांचा स्टीलचा डबा सायकलच्या हँडलला लावून खाटकांच्या गल्लीत जायला लागला. तिथला एक म्हातारा खाटीक त्यांचा दोस्तच झाला होता. तो विचारायचा, "साब, इत्ते आँखां लेको क्या करते तुमे?" सर सांगायचे, "देखता हूँ." त्यावर तो पोटभर हसायचा आणि करडाचे एका कप्प्यात, जून बोकडाचे दुसऱ्या कप्प्यात, असं न चुकता वयवार भरून द्यायचा. धनगरांनी विकलेली एखादी म्हातारी शेळी आली की तिचे डोळे सरांसाठी बाजूला निघत.

असं तीन महिने चाललं. मग एका रविवारी समाजातल्या कोणीतरी सरांना त्या गल्लीतून डबा घेऊन बाहेर पडताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या पेठेत झालं, बिराजदार मटण खातो. दुसऱ्या दिवशी समाजातले तिघं वडीलधारे सरांच्या घरी आले. हे मला सरांच्या बायकोने, गौरावहिनींनी सांगितलं. सांगताना त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. आलेल्यांतले मोठे आप्पा गंभीरपणे म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. आम्ही काय बोलावं? पण डब्यात काय नेता तेवढं सांगा."

खरं तर सरांनी समजावून सांगायला हवं होतं. पण विचारणारा भेटला या आनंदात त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. "नोड्री आप्पा, नोड्री!" असं म्हणत ते आतून डबा घेऊन आले आणि आप्पांच्या मांडीसमोर झाकण उघडलं. आतून चौदा डोळे आप्पांकडे बघत होते.

गौरावहिनी म्हणाल्या, "आप्पा चपला न घालताच गेले हो. दुसरे दोघं दारापर्यंत बसल्या बसल्याच सरकले." पुढे बरेच दिवस समाजात अशी भावना होती की सर मटण खात असते तर बरं झालं असतं.

मग माणसांची भिंगं. दर हिवाळ्यात गावात नेत्रशिबिर भरायचं. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून पन्नास-साठ म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू काढायचे. तेव्हा अख्खं भिंगच काढून टाकत आणि माणसाला जाड काचेचा चष्मा देत. काढलेली भिंगं बादलीत जात. सरांनी शिबिराच्या तरुण डॉक्टरांकडे इतके खेटे घातले की डॉक्टर शेवटी म्हणाले, "न्या हो सर, पण बादली परत आणा." सरांनी प्रत्येक भिंग वेगळ्या बाटलीत घातलं, वर वय आणि गाव लिहिलं. मोहोळ, बासष्ट. माळशिरस, सत्तर. श्रीपूर, अठ्ठावन्न, उसाच्या फडात काम. प्रयोगशाळेत जागा नव्हती म्हणून त्या बाटल्या माझ्या लायब्ररीच्या उगवतीकडच्या खिडकीत आल्या. मी कुरकुर केली. पण सकाळी ऊन आलं की फिकट पिवळ्यापासून गर्द चहाच्या रंगापर्यंत ती रांग अशी उजळायची की मी कुरकुर थांबवून बघत बसायची. सर शेजारी उभे राहून म्हणायचे, "बाई, यात किती सकाळी साठलेल्या आहेत बघा."

मल्लय्या या गोष्टीत आला तो माझ्यामुळे. साखर पेठेत मी ज्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्याच्या खालीच त्याचा हातमाग होता. विणकरांच्या त्या गल्लीत दिवसभर खटखट चालायची, पण मल्लय्याच्या मागाचा ठेका मला वेगळा ओळखू यायचा. घरात ते तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. साठीचा, हडकुळा, मितभाषी माणूस. मालक सूत द्यायचा आणि मल्लय्या घरी चादरी विणायचा. ताणा लावण्यात, म्हणजे मागावरचे उभे धागे ओढून एकसारखे ताणण्यात, त्याचा हात धरणारा गल्लीत नव्हता. दुसऱ्यांचे ताणेही लोक त्याच्याकडून तपासून घेत. बोट नुसतं फिरवून सांगायचा, हा ढिला आहे.

त्या वर्षी नवरात्रात त्याचा ठेका अडखळायला लागला. त्याची बायको राजम्मा जिन्यात मला म्हणाली, "बाई, ह्यांना दिसंना झालंय. माग थांबला की हे जेवत न्हाईत. तुमच्या कालेजात कोन डोळ्यांचे सार हायेत म्हनं?"

मी सरांना सांगितलं आणि संध्याकाळी चारला सर सायकलवरून हजर. मल्लय्याला त्यांनी मागासमोरच बसवलं, बॅटरी धरली आणि आनंदाने ओरडले, "पिकलेला! उजवा पूर्ण पिकलेला, डावा अर्धा!"

मल्लय्या म्हणाला, "सार, धुकं हाय ते हाय. पन मला धागा वाकडा दिसतोय. मदी वाकडा."

"त्या पडद्यामुळं. काढला की झालं."

"धुक्यात वाकडं कसं दिसंल सार?"

"मल्लय्या, तुम्ही काळजीच करू नका. यंदा शिबिरात काढू. गुढीपाडव्याला नवा ताणा तुम्हीच लावणार. मी शब्द देतो." आणि जाताना मला हळूच म्हणाले, "बाई, बासष्ट वर्षांचा विणकर! असं भिंग माझ्याकडे एकही नाही."

मार्गशीर्षात ऑपरेशन झालं. सर शिबिरात तिन्ही दिवस मल्लय्याच्या उशाशी बसून होते, हे मी सांगितलंच पाहिजे. नुसत्या भिंगासाठी कोणी तीन दिवस बसत नाही. मग डोळ्यावर हिरवी पट्टी, मग महिन्या-दीड महिन्याने जाड चष्मा. चष्मा घालून मल्लय्याने आधी राजम्माकडे बघितलं आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला. ती लाजली आणि आत पळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे माग सुरू झाला. मी अंथरुणात उठून बसले. सरांना सांगायला मला कॉलेज उघडायची वाट बघवेना.

पण आठवड्यात पुन्हा ठेका तुटला. खटखट, मग थांबणं, मग काहीतरी करकचून आवळल्याचा आवाज, मग पुन्हा थांबणं. शेवटी एक दिवस खालून राजम्माची हाक आली म्हणून मी धावत गेले. मागावरच्या ताण्याचे मधले धागे भराभर तुटून पडले होते. मल्लय्याला ताणा मध्ये ढिला, वाकडा दिसत होता, म्हणून तो रोज तो आवळत होता. सरळ असलेला ताणा सरळ करता करता त्याने तोडून टाकला होता. आयुष्यभर ज्याने डोळ्यावर आणि हातावर सारखाच भरवसा ठेवला, त्याने या वेळी हाताचं ऐकलं नाही, डोळ्याचं ऐकलं. मालक आला, बघितलं, उरलेलं सूत उचलून घेऊन गेला. नंतर गल्लीत म्हणाला, मल्लय्या पिऊन बसतो. मल्लय्याने आयुष्यात शिंदीचा थेंबसुद्धा घेतलेला नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नव्या चष्म्याने रेघा वाकड्या दिसतातच, सवय होईल. सरही तेच घोकत आले. "काच जाड आहे ना, कडा वाकतात," असं म्हणत त्यांनी मल्लय्याच्या हातात खडू दिला. "जसं दिसतं तसं भिंतीवर काढा."

मल्लय्याने उभ्या-आडव्या रेघा ओढल्या. बाहेरच्या सगळ्या सरळ. मधल्या सहा-सात रेघा तेवढ्या एका ठिकाणी येऊन आत ओढल्यासारख्या चिमटल्या होत्या, आणि अगदी मध्यावर त्याने बोटाने पुसून एक डाग ठेवला. "हितं काईच न्हाई," तो म्हणाला.

सर त्या भिंतीकडे बघत राहिले. मग सायकलीकडे निघाले. मी मागोमाग कॉलेजात पोचले तोवर त्यांनी जुन्या गठ्ठ्यांचे चार ढीग जमिनीवर पसरले होते. रविवार होता, किल्ली माझ्याकडे होती, तरी ते आत कसे शिरले हे मी कधी विचारलं नाही. तासाभराने आरोळी आली, "नोड्री! बाई, नोड्री! हे भिंगाचं नाहीच! चष्म्यानं कडा वाकतात, यांचा मध्य वाकतोय! हा मागचा पडदा आहे! अगदी मधला ठिपका, जिथं आपण वाचतो, जिथं सुईत दोरा ओवतो. तिथल्या पेशी! त्यासुद्धा बदलत नाहीत, बाई! जन्मल्यापासून तेच काम, उजेड पचवायचा, कचरा उचलायचा. म्हाताऱ्या झाल्या, कचरा उचलवेना, साठत गेला! पुढं भिंगात तेच, मागं पडद्यात तेच! एकच गोष्ट आहे ही, एकच!"

ते नाचायचेच बाकी होते. मीही उभी राहिले होते. आणि मग एकाएकी ते जमिनीवर, त्या अंकांच्या ढिगात, खाली बसले.

"बाई," ते म्हणाले, "नवरात्रात त्यांनी मला हेच सांगितलं होतं ना? धुक्यात वाकडं कसं दिसेल, असं विचारलं होतं. विणकर विचारत होता आणि प्रोफेसरला उत्तर येत नव्हतं. मी ऐकलंच नाही. मला त्यांचं भिंग हवं होतं."

मला त्यांची इतकी कीव आली की मी नुसतेच अंक गोळा करायला लागले.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. भिंग निघाल्यामुळे आता आतलं दिसत होतं. पडद्याच्या मध्यावर पिवळे ठिपके होते. यावर आज औषध नाही, ते म्हणाले. सर तिथून थेट मल्लय्याकडे आले आणि उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "मल्लय्या, चूक माझी. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. पाडव्याचा शब्द मी उगाच दिला. हे बरं होणार नाही."

मल्लय्या रिकाम्या मागावर हात फिरवत होता. मग म्हणाला, "तुमी खरं सांगायला तरी आलाव, सार. मालक तर म्हनतोय, पिऊन बसतो. आता गल्लीत सांगा की, ताना वाकडा न्हवता आन मल्लय्या पीत न्हवता."

सरांनी ते सांगितलं. गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं. ज्याने दार उघडलं त्याला पेशींपासून सुरुवात करून सांगितलं. मालकाला गाठून तर दीड तास सांगितलं. मालक शेवटी हात जोडून म्हणाला, "पटलं, सार, पटलं." पण सूत काही दिलं नाही.

पाडवा कोरडाच गेला. पण सर यायचे थांबले नाहीत. त्यांच्या डोक्यात आता एकच घोळत होतं, मध्य गेला असेल, पण कडा शाबूत आहे. मग कडेनं का बघू नये? स्वतः सूत घेऊन आले. मल्लय्याला मागावर बसवायचे आणि म्हणायचे, "धाग्याकडे बघू नका. डावीकडच्या खांबाकडे बघा, आणि धागा दिसतो का सांगा." मल्लय्याचा डोळा सवयीने झटकन धाग्याकडे जायचा आणि धागा गडप व्हायचा. "परत! खांब!" सर ओरडायचे. दोघं घामाघूम व्हायचे. सगळा उन्हाळा मी वरच्या खोलीत "खांब! खांब!" ऐकत काढला. मल्लय्या एकदा वैतागून म्हणाला, "सार, बायकोकडं न बघता बायको दिसती, असं म्हनताव तुमी!" आतून राजम्मा म्हणाली, "चाळीस वर्सं तसंच बगत्यात की!" सर इतके हसले की त्यांना मागाचा आधार घ्यावा लागला.

हळूहळू ते जमलं. आणि मल्लय्याने त्यात स्वतःची भर घातली. डोळा सांगेल ते हाताला विचारायचं, आणि भांडण झालं तर हाताचं खरं. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे मार्कंडेयाचा रथ निघतो, विणकरांचा सगळ्यात मोठा दिवस. त्याच्या आठ दिवस आधी सकाळी मी पोळ्या करत होते आणि खालून ठेका आला. न अडखळता. मी लाटणं हातात घेऊनच खाली धावले. सर आधीच दारात उभे होते, दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मल्लय्या खांबाकडे बघत विणत होता.

ती साधी चौकटीची चादर होती, पांढऱ्यावर काळ्या रेघा. रथाच्या दिवशी मल्लय्याने ती सरांच्या हातात दिली. "सार, ह्यातली रेग वाकडी दिसली तर सांगा," तो म्हणाला. पुढे मालक स्वतः सूत घेऊन परत आला. फार नाही, पण मल्लय्या अखेरपर्यंत रोज मागावर बसला.

सरांनी ती चादर पांघरली नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगली. रोज सकाळी तिच्यासमोर उभं राहून आधी एक डोळा झाकत, मग दुसरा. मुलांना वाटायचं, सर प्रार्थना करतात.

पाच-सहा वर्षं अशीच गेली. सर निवृत्तीला आले. त्या वर्षीच्या जुलैत एका सकाळी मी परत करायच्या पुस्तकांची यादी घेऊन त्यांच्याकडे गेले, तर ते डावा डोळा झाकून चादरीसमोर उभे होते आणि हलत नव्हते.

"नोड्री," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "बाई, नोड्री! वरून चौथी ओळ, मधला चौकोन. चिमटलाय!"

मी बघितलं. चौकोन सरळ होता. मल्लय्याची एकही रेघ कधी वाकडी नव्हती.

"सर, चादर धुण्यात आटली असेल," मी म्हटलं.

"आटली नाही हो! कालपर्यंत सरळ होती. दुसऱ्या डोळ्यानं आजही सरळ आहे." ते वळले. चेहरा पहिल्या दिवशी माझं वय ओळखताना होता तसाच उजळलेला. "इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या डोळ्यांत शोधत फिरलो. त्या म्हाताऱ्या पेशी माझ्याच घरी येऊन बसल्या की! मला आता आतून दिसतंय, बाई. हे कोणाला मिळतं?" बोलता बोलता त्यांचा हात मागे टेबल शोधत होता. ते सापडल्यावर त्यांनी ते घट्ट धरलं. मी त्यांना बसायला स्टूल दिलं. मग बॅटरी खिशात ठेवत ते म्हणाले, "मल्लय्या आत्ता घरी असतील का?"

ऐंशी साल उजाडायच्या आत माझी बदली पुण्याला झाली; तोवर सरांच्या दुसऱ्या डोळ्यातही तेच सुरू झालं होतं. सामान बांधून झाल्यावर मी निरोप घ्यायला खाली उतरत होते. मल्लय्याच्या ओसरीवर दोघं समोरासमोर बसलेले दिसले, म्हणून जिन्यातच थांबले. मल्लय्या सरांना शिकवत होता.

"माज्याकडं नका बगू, सार. माजा कान हाय न्हवं, उजवा? कानाकडं बगा. आता दिसतोय का मी?"

सर मान थोडी वळवून त्याच्या कानाकडे बघत होते, आणि मल्लय्या जाड काचेतून सरांच्या खांद्यापलीकडे, रस्त्याकडे बघत होता. परक्याला वाटलं असतं की दोन म्हातारे एकमेकांवर रुसून बसले आहेत.

"नोड्री!" सर ओरडले. "मल्लय्या, दिसलात! मिशी पांढरी झाली की हो तुमची!"

"कवाच झालीय सार," मल्लय्या रस्त्याकडे बघत म्हणाला. "तुमची बी झालीय. मी कवापासनं बगतोय."